'दाऊ' आणि 'ये': इंग्रजीतलं अरेतुरे आणि अहोजाहो

जुन्या इंग्रजी प्रार्थनेत देवाला 'दाऊ' म्हटलेलं ऐकलं की वाटतं, केवढा आदराचा शब्द! खरं तर 'दाऊ' म्हणजे साधं, एकेरी 'तू'. आपणही विठ्ठलाला अहोजाहो करत नाहीच. 'ये' म्हणजे 'तुम्ही'. आधी ते फक्त अनेकांसाठी होतं, पुढे फ्रेंचांच्या वळणाने एकट्या मोठ्या माणसालाही लागू झालं. आपल्या 'तुम्ही'ची दोन्ही कामं तिथे आली.

मग 'दाऊ' किती झोंबायचं? 1603 मध्ये इंग्लंडात वॉल्टर रॅले या दर्यावर्दी सरदारावर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक भर न्यायालयात ओरडला, 'आय दाऊ दी, दाऊ ट्रेटर!' म्हणजे 'गद्दारा, तुला मी अरेतुरेच करणार!' इथे पहिलं 'दाऊ' चक्क क्रियापद झालंय, आणि 'दी' म्हणजे 'तुला'. मराठी माणसाला हे समजवावं लागत नाही. इंग्रजांना मात्र आता तळटीप लागते. पुढे क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक न्यायाधीशांनाही 'दाऊ'च म्हणायचे. देवापुढे सगळे सारखे, हा त्यांचा हिशेब. त्यापायी त्यांनी मारही खाल्ला.

1611 च्या किंग जेम्स बायबलात मात्र मान-अपमानाचा प्रश्नच नाही. समोर एक जण असेल तर 'दाऊ', मग तो देव असो की सैतान. अनेक असतील तर 'ये'. 'ये' कर्त्याच्या जागी, 'यू' कर्माच्या: 'ये' सत्य जाणाल आणि सत्य 'यू'ला मुक्त करील. लूकच्या बाविसाव्या अध्यायात तर हा फरक फार कामाचा आहे. येशू आपल्या शिमोन या शिष्याला सांगतो, सैतानाने 'यू'ला गव्हासारखं चाळायला मागितलंय, पण मी 'दी'साठी प्रार्थना केली. म्हणजे चाळणीत सगळेच शिष्य, प्रार्थना एकट्या शिमोनासाठी. आजच्या इंग्रजीत दोन्हीकडे 'यू', त्यामुळे चाळणीत एकटा शिमोनच आहे असं वाटतं. मराठीत 'तुम्हांला' आणि 'तुझ्यासाठी' म्हटलं की काम झालं.

पुढे या 'यू'नेच 'दाऊ' आणि 'ये' दोघांनाही गिळलं. यॉर्कशायरच्या बोलीत 'दाऊ'चं 'दा' अजून कानावर पडतं.

आता इंग्लंडातल्या दारूच्या गुत्त्यांवरची 'ये ओल्ड' ही पाटी. ते 'ये' वेगळंच. 'टीएच'च्या उच्चारासाठी 'थॉर्न' नावाचं एक जुनं अक्षर होतं. छापखान्यात त्याचा खिळा नसायचा, म्हणून दिसायला जवळचा 'वाय' लावायचे. तेव्हा पाटीवरचं 'ये' म्हणजे 'तुम्ही' नव्हे. ते नेहमीचंच 'द', आणि वाचायचंही 'द'च.