कळा, भूल आणि संमोहन : हिप्नोबर्थिंगमागचा इतिहास

गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत एखादी स्त्री रोज ठरलेल्या वेळी आडवी होते, डोळे मिटते, चार आकडे मोजत नाकाने श्वास घेते, आठ आकडे मोजत तो सोडते आणि ध्वनिमुद्रित आवाज सांगेल त्याप्रमाणे कपाळ, जबडा, खांदे असे एकेक अंग सैल सोडत जाते. जबड्याकडे मुद्दाम लक्ष दिले जाते, कारण दात आवळलेले असले की बाकीचे शरीर सैल सोडणे अवघड जाते. प्रसूतीची कळ येईल तेव्हा ती ‘कळ’ म्हणून नव्हे, तर ‘लाट’ म्हणून ओळखायची, असेही तिला शिकवलेले असते. हिप्नोबर्थिंग, म्हणजे संमोहनाच्या आधारे प्रसूती, या नावाने आज परिचित असलेली ही तयारी वरवर पाहता अलीकडच्या आरोग्यविषयक हौसेतून आलेली वाटते. प्रत्यक्षात तिच्यामागे सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ चाललेला एक वाद आहे. वेदना शमवण्यासाठी मनाचा उपयोग होतो का, हा त्या वादाचा उघड भाग. मन ज्या अवस्थेत न्यायचे त्या अवस्थेची सूत्रे डॉक्टरच्या हाती असावीत की प्रसूत होणाऱ्या स्त्रीच्या, हा त्याचा तितकासा उघड न झालेला आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचा भाग.

संमोहनाची सुरुवात फारशी प्रतिष्ठित नव्हती. व्हिएन्नाहून १७७८ मध्ये पॅरिसला आलेले फ्रान्झ अँटोन मेस्मर शरीरातील एका अदृश्य चुंबकीय प्रवाहाने रोग बरे करण्याचा दावा करीत. फ्रान्सचा राजा सोळावा लुई याने १७८४ मध्ये नेमलेल्या चौकशी मंडळात बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. असा कोणताही प्रवाह अस्तित्वात नसून दिसणारा परिणाम कल्पनाशक्तीचा आहे, असा निष्कर्ष या मंडळाने काढला. निष्कर्ष मेस्मर यांना मोडीत काढणारा होता खरा, पण निव्वळ कल्पनेने शरीरावर एवढा परिणाम होत असेल तर तीच अभ्यासण्याजोगी गोष्ट आहे, हे तेव्हा फार थोड्यांच्या ध्यानात आले. मँचेस्टरमधील स्कॉटिश शल्यविशारद जेम्स ब्रेड यांनी १८४१ मध्ये एक जाहीर प्रयोग पाहिल्यावर या विषयाकडे वैद्यकीय नजरेने पाहिले आणि चुंबकत्वाची कल्पना बाजूला सारून ‘हिप्नॉटिझम’ हा शब्द रूढ केला. त्याच दशकात, १८४५ पासून, बंगालमधील हुगळी येथे जेम्स एस्डेल हे मेस्मर यांच्याच पद्धतीने रुग्णांना निद्रिस्त करून मोठ्या शस्त्रक्रिया करीत होते.

वेदनाशमनाचा मार्ग तरीही दुसरीकडेच वळला. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्ये ईथरची भूल देऊन जाहीर शस्त्रक्रिया झाली आणि पुढच्याच वर्षी एडिंबरा येथील जेम्स यंग सिम्प्सन यांनी प्रसूतीसाठी आधी ईथर व नंतर क्लोरोफॉर्म वापरला. वेदनेने बाळंत होणे ही ईश्वराची आज्ञा आहे, असा धार्मिक आक्षेप काहींनी घेतला. पण राणी व्हिक्टोरिया यांनी १८५३ मध्ये राजपुत्र लिओपोल्ड यांच्या जन्मावेळी डॉक्टर जॉन स्नो यांच्याकडून क्लोरोफॉर्म घेतल्यानंतर त्या आक्षेपाचे बळ ओसरू लागले. काही मिनिटांत हमखास काम करणाऱ्या औषधापुढे तासन्‌तास रुग्णाच्या अंगावरून हात फिरवून आणि सूचना देऊन आणलेली झोप टिकणे शक्यच नव्हते.

भुलेचा हा प्रवास विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे टोकाला पोहोचला. क्रोनिग आणि गाउस या डॉक्टरांनी तेथे मॉर्फिन व स्कोपोलामिन यांच्या मिश्रणाने ‘संधिनिद्रा’ घडवून आणली. तिच्यात वेदना नाहीशी होत नसे, तिची आठवण नाहीशी होई. स्त्री ओरडे, धडपडे, प्रसंगी तिला बांधूनही ठेवावे लागे आणि शुद्धीवर आल्यावर बाळ कधी झाले हे तिला आठवत नसे. आज हे वाचताना अंगावर काटा येतो. मात्र १९१४ च्या सुमारास अमेरिकेत हीच पद्धत मिळावी म्हणून स्त्रियांनी स्वतः चळवळ केली होती, ही गोष्ट ‘नैसर्गिक’ प्रसूतीच्या समर्थकांनी विसरू नये. वेदनेतून सुटका मागणे हाही स्त्रियांचाच आवाज होता.

नैसर्गिक प्रसूतीचा विचार ज्यांच्यापासून मोजला जातो ते इंग्लिश डॉक्टर ग्रँटली डिक-रीड आपल्या मतपरिवर्तनाचे मूळ लंडनमधील व्हाइटचॅपल या गरीब वस्तीतल्या एका रात्रीत सांगत. पाऊस पडत होता, खोलीची खिडकी फुटलेली होती, उजेड बाटलीत खोचलेल्या मेणबत्तीचा होता आणि बाळंतिणीच्या अंगावर पांघरूण म्हणून पोती आणि एक जुना काळा स्कर्ट होता. त्यांनी क्लोरोफॉर्मचा मुखवटा पुढे केला; तिने नकार दिला. प्रसूती शांतपणे पार पडली. मुखवटा का नाकारला, असे त्यांनी नंतर विचारले, तेव्हा ती संकोचून म्हणाली, “दुखलं नाही. दुखायला नको होतं ना, डॉक्टर?”

या प्रश्नातून डिक-रीड यांनी जी उपपत्ती मांडली ती भय, ताण आणि वेदना या तिघांच्या साखळीची आहे : भीतीमुळे शरीर आक्रसते, गर्भाशयाचे वरचे स्नायू बाळाला खाली ढकलत असताना खालच्या भागातील स्नायू उघडण्याऐवजी आवळून राहतात, त्या झटापटीत वेदना वाढते आणि वाढलेली वेदना भीतीला पुन्हा खतपाणी घालते. त्यांचे पहिले पुस्तक १९३३ मध्ये आले. दुसरे, १९४२ चे, ‘चाइल्डबर्थ विदाउट फिअर’ या अमेरिकी आवृत्तीच्या नावाने जगभर पोहोचले. त्यांच्या लेखनात सुशिक्षित इंग्रज वर्गाच्या घटत्या जन्मदराची चिंता आणि ‘आदिम’ स्त्रिया विनासायास बाळंत होतात हे ऐकीव गृहीतक यांचीही भेसळ आहे, हे त्यांचे आजचे चाहते सहसा सांगत नाहीत. आपली पद्धत म्हणजे संमोहन नव्हे, असे मात्र ते आग्रहाने सांगत.

संमोहनाशी नाते नाकारण्याचा प्रकार सोव्हिएत संघातही घडला, पण तेथे कारण व्यावहारिक होते. खारकिव्ह येथे प्लाटोनोव्ह आणि वेल्व्होव्हस्की या डॉक्टरांनी १९२० च्या दशकात प्रसूतीसाठी प्रत्यक्ष संमोहन वापरून पाहिले होते. प्रत्येक स्त्रीमागे एक संमोहनतज्ज्ञ आणि अनेक बैठकी हा हिशेब मोठ्या रुग्णालयांत जुळणारा नव्हता. वेल्व्होव्हस्की यांनी मग रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ पाव्हलोव्ह यांच्या प्रतिक्षिप्त क्रियांच्या सिद्धांताचा आधार घेतला आणि संमोहनाची झोप वगळून शिक्षण, श्वसन व लक्ष वळवणे यांवर आधारलेली पद्धत बसवली; १९५१ मध्ये सरकारने ती देशभर लागू करण्याचा आदेश काढला. त्याच वर्षी ती पाहून आलेले फ्रेंच डॉक्टर फर्नांड लामाझ यांनी पॅरिसमधील धातुकामगार संघटनेच्या रुग्णालयात ती सुरू केली आणि पुढे ती त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. साम्यवादी देशातून आलेल्या या पद्धतीत धर्माच्या विरोधात जाणारे काही नाही, असा निर्वाळा पोप बारावे पायस यांनी जानेवारी १९५६ मध्ये दिला, तेव्हा तिच्या प्रसारातील मोठा अडसर दूर झाला.

मूळ संमोहनालाही याच सुमारास वैद्यकाच्या उंबरठ्याच्या आत जागा मिळाली : ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९५५ मध्ये आणि अमेरिकेतील वैद्यकीय संघटनेने १९५८ मध्ये त्याचा उपचारातील उपयोग मान्य केला. मात्र अजूनही तंद्री लावणारा डॉक्टरच होता. ती जागा स्त्रीकडे आली ती अमेरिकेतील न्यू हॅम्पशरच्या मेरी माँगन यांच्या पद्धतीत, जी १९८९ च्या सुमारास आकाराला आली. डिक-रीड यांची साखळी, स्वसंमोहनाचा रोजचा सराव आणि बदललेली शब्दयोजना असे तिचे घटक आहेत. प्रसूतीच्या खोलीत संमोहन करणारे दुसरे कोणी नसते. जोडीदार फार तर ठरलेले शब्द हलक्या आवाजात म्हणतो किंवा खांद्यावर हात ठेवून आधीच रुजवलेली खूण देतो. लामाझ पद्धतीत लक्ष कळेपासून दूर नेले जाई. येथे कळेला अर्थ दुसरा दिला जातो.

या पद्धतीने वेदना खरोखर कमी होते का, याची काटेकोर तपासणी अलीकडची आहे. डेन्मार्कमध्ये पहिलटकरणी असलेल्या १,२२२ स्त्रियांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्वसंमोहन शिकलेल्या गटात एपिड्युरलचे, म्हणजे कण्यातून दिल्या जाणाऱ्या भुलीचे, प्रमाण इतरांपेक्षा कमी आढळले नाही, मात्र त्या गटाने नंतर प्रसूतीचा अनुभव अधिक चांगला असल्याचे सांगितले. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात नऊ चाचण्यांतील २,९५४ स्त्रियांची माहिती होती; वेदनाशामकांचा एकूण वापर काहीसा घटत असावा, पण एपिड्युरलचा नव्हे, असे त्यातून दिसले. ब्रिटनमध्ये ६८० स्त्रियांच्या २०१५ च्या चाचणीत एपिड्युरल घेणाऱ्यांचे प्रमाण स्वसंमोहनाच्या गटात २७.९ टक्के आणि दुसऱ्या गटात ३०.३ टक्के होते, म्हणजे सांख्यिकीच्या दृष्टीने फरक नव्हताच. फरक आढळला तो बाळ झाल्यानंतर दोन आठवड्यांनी, जेव्हा या स्त्रियांना प्रसूती आधी वाटली होती तेवढी भीतीदायक झाली का असे विचारण्यात आले, आणि स्वसंमोहन शिकलेल्यांनी ती तितकी झाली नसल्याचे अधिक प्रमाणात सांगितले.