मधुमेहाचा ‘प्रकार ५’ : पुसलेल्या नावाची पार्श्वभूमी

एप्रिल २०२५ मध्ये बँकॉकच्या जागतिक परिषदेत कुपोषणाशी जोडलेल्या ‘प्रकार ५’ मधुमेहावर शिक्कामोर्तब झाले, आणि नवा मधुमेह सापडल्याच्या बातम्या आल्या. नवे आहे ते फक्त नाव.

१८८९ मध्ये स्ट्रासबर्गला स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्याच्या लघवीत साखर उतरली आणि मधुमेहाचा स्वादुपिंडाशी संबंध कळला, १९२१-२२ मध्ये टोरांटोत इन्सुलिन हाती आले. हा भाग सर्वांना ठाऊक आहे. पण ‘प्रकार १’ आणि ‘प्रकार २’ या दोन ठळक प्रकारांत न बसणारा रुग्ण १९५५ मध्येच जमैकात नोंदला गेला होता : साखर खूप वाढलेली, इन्सुलिन लागते, पण ते चुकले तरी रक्तात किटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्ले) साचत नाहीत. पुढे इंडोनेशिया आणि केरळमधून आणखी एक चित्र आले. पोटाच्या साध्या एक्स-रेत, कण्याच्या आडवे, स्वादुपिंडाच्या नळीत चुन्याचे पांढरे खडे. तिथल्या गरिबांच्या जेवणातल्या टॅपिओकावर (आपल्या साबुदाण्याचा तोच कंद) संशय गेला. पण जिथे तो खात नाहीत तिथेही खडे दिसले, आणि तो तर्क मागे पडला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९८५ च्या वर्गीकरणात ‘कुपोषणाशी संबंधित मधुमेह’ हा स्वतंत्र वर्ग आला. त्याचे दोन पोटप्रकार : खडे असलेला आणि प्रथिनांच्या कमतरतेचा. १९९९ मध्ये तो वर्ग मोडला. खड्यांचा मधुमेह ‘इतर’मध्ये ढकलला, दुसरा यादीतूनच गेला. कारण दिले ते असे, की प्रथिने कमी पडल्याने मधुमेह होतो याचा पुरेसा पुरावा नाही. आक्षेप पोकळ नव्हता. उपचार न झालेला मधुमेह माणसाला वाळवतोच, मग उपासमार आधीची की रोडपणा नंतरचा, हे कसे ठरवायचे? तरीही पुरावा अपुरा असेल तर तो गोळा करायचा असतो, रुग्णाचा रकाना खोडायचा नसतो. नाव गेले की किडकिडीत तरुण रुग्ण ‘प्रकार १’ किंवा ‘प्रकार २’मध्ये कोंबला जाणार, हे उघड होते.

उत्तराची सुरुवात २०२२ मध्ये वेल्लोरच्या अभ्यासाने झाली. अशा कृश रुग्णांच्या बीटा पेशींतून (स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी) इन्सुलिन फार थोडे सुटते, पण ते ओळखायला शरीर तयार असते. ‘प्रकार २’मधला प्रतिरोध, म्हणजे इन्सुलिनला शरीराने दाद न देणे, इथे दिसला नाही. हा फरक डोस ठरवताना जिवावर बेततो. ज्याला रात्रीच्या भाकरीची खात्री नाही, त्याला भरपूर इन्सुलिन टोचले तर साखर धोकादायक खाली जाते.

नव्या नावावरही एकमत नाही. ते घाईने दिले, निकष अजून पक्के नाहीत, असे म्हणणारे तज्ज्ञ आहेत. निदानाची एकच अशी रक्ततपासणी नाही, हे खरेच. ‘प्रकार १’ची खूण असलेली प्रतिपिंडे नाहीत, खडे नाहीत, लठ्ठपणा नाही, असे एकेक वगळत जायचे, आणि मग रुग्णाला विचारायचे : लहानपणी घरात पोटभर जेवायला मिळत होते का?