दोन एथेलफ्लेड: मालिकेतली आणि शकावलीतली

माझ्या मावसबहिणीने नवव्या-दहाव्या शतकातल्या इंग्लंडवरच्या 'द लास्ट किंगडम' या मालिकेचा पाचवा सीझन संपवला आणि रात्री साडेअकराला फोन केला. आवाज रडवेला होता. "ताई, शेवटी तरी त्या दोघांना थोडं जगू द्यायचं होतं गं." दोघं म्हणजे एथेलफ्लेड आणि उट्रेड. त्या प्रसंगाला मीही रडले होते, त्यामुळे तिची समजूत घालायच्या फंदात पडले नाही. पण मग तिने विचारलं, "हे खरंच असं झालं होतं का?" सांगावंच लागलं: एथेलफ्लेड खरी, तिचा उट्रेड खोटा. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाली, "मग तिचा जीव कोणावर होता?"

हा प्रश्न मला फार आवडला. ही मालिका पाहिलेल्या अनेकांच्या मनात दोन बायका एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. नाव एक, बाप एक, भाऊ एक, नवराही एकच. तरी दोघी वेगळ्या आहेत, आणि त्यांच्यातला फरक नेमका प्रेमाच्या जागी आहे.

गोंधळ होतो तो साहजिक आहे. २०१५ ते २०२२ या काळात आलेल्या या मालिकेत उट्रेडच्या भोवतीची मोठी माणसं खरी आहेत. वेसेक्स राज्याचा राजा आल्फ्रेड, म्हणजे एथेलफ्लेडचा बाप, खरा, त्याचा मुलगा एडवर्ड खरा, शेजारच्या मर्सिया राज्याचा एथेलरेड, म्हणजे तिचा नवरा, खरा, एडवर्डचा मुलगा एथेलस्टन खरा. मधोमध उभा असलेला नायक तेवढा बर्नार्ड कॉर्नवेल या कादंबरीकाराने घडवलेला. बेबनबर्गला, म्हणजे आजच्या बॅम्बरोला, उट्रेड नावाचा एक सरदार होऊन गेला खरा, पण त्याचा खून झाला १०१६ साली. एथेलफ्लेड गेली ९१८ मध्ये. दोघांत जवळपास शंभर वर्षांचं अंतर. चारही बाजूंनी खरी माणसं उभी असली की मधला काल्पनिक माणूसही आपण खराच धरून चालतो.

आधी मालिकेतली एथेलफ्लेड. राजकारणासाठी लहान वयात लग्न लावून दिलेली मुलगी. नवरा दुष्ट. मग डेनिश लोक, म्हणजे समुद्रावरून चाल करून आलेले व्हायकिंग, तिला पळवून बीमफ्लेओटला ठेवतात आणि तिथे कैद करणाऱ्या भावांपैकी एरिकवर तिचा जीव जडतो. एरिक मारला जातो. पुढे उट्रेड, आणि त्याच्यासोबत कित्येक वर्षांची ओढाताण.

खरं सांगायचं तर सुरुवातीला मला ही जोडी अजिबात पटली नव्हती. उट्रेडने तिला लहान असल्यापासून पाहिलेलं, आणि शिवाय मी गिसेलाच्या बाजूची. गिसेला त्याची बायको होती, घरात होती, त्याच्या रागाला तिच्याकडे उत्तर असायचं. ती गेल्यावर दुसरं कोणी त्या जागी नको असंच वाटत होतं. मन बदललं ते हळूहळू. ही दोघं एकमेकांशी प्रेमाचं बोलतात त्यापेक्षा कामाचं जास्त बोलतात. माणसं किती आहेत, भाऊ मदतीला येईल की नाही, डेनिश सैन्य कुठे आहे. एकच काम करणाऱ्या दोन माणसांचं एकमेकांवर असलेलं ते प्रेम आहे, आणि पडद्यावर ते फार क्वचित दिसतं. मिल्ली ब्रॅडी ही भूमिका करताना उट्रेडकडे बघायच्या आधी क्षणभर दुसरीकडे बघते. ते पाहिलं आणि मी तिच्या बाजूला गेले.

मग चौथ्या सीझनमधला तो निर्णय. एथेलरेड मेलेला, मर्सियाची गादी मोकळी. उट्रेडचं नाव पुढे येतं आणि तो ते पद एथेलफ्लेडच्या हाती देतो. राज्य करायचं तर ती ब्रह्मचर्याची शपथ घेते, म्हणजे उट्रेडवर पाणी सोडते. इथे मालिकेचं सगळं बळ एकवटलंय: तिला राज्य मिळतं आणि त्याची किंमत म्हणजे प्रेम. मी तो भाग तीनदा पाहिलाय.

आता दुसरी एथेलफ्लेड. ती आपल्याला भेटते अँग्लो-सॅक्सन इतिवृत्तात. आपल्याकडच्या जेधे शकावलीसारखंच हे लिखाण: साल, घटना, पुढचं साल. बखरीसारखं रंगवून सांगणं नाही. त्यातही वेसेक्सच्या बाजूने लिहिलेल्या मूळ प्रतीत तिच्या कर्तृत्वाला जवळपास जागाच नाही, कारण तिथे सगळं श्रेय भावाचं, एडवर्डचं. तिची हकीगत टिकली ती मर्सियात लिहिलेल्या एका छोट्या नोंदवहीमुळे. ९०२ ते ९२४ या वर्षांच्या त्या नोंदी पुढे इतिवृत्ताच्या काही प्रतींत उतरवल्या गेल्या.

त्या वाचताना पहिल्यांदा निराशा होते. ९१२, ब्रिजनॉर्थला ठाणं बांधलं. ९१३, टॅमवर्थ आणि स्टॅफर्ड. ९१४, एडिसबरी आणि वॉरिक. ९१५, चर्बरी आणि रंकॉर्न. ठाणं म्हणजे 'बुर्ह', तटबंदी केलेली वस्ती, जिथे सैन्य राहील आणि संकटात आसपासची माणसं आसऱ्याला येतील. थोडं थांबून नकाशा समोर घेतला की या कोरड्या ओळींत एक बाई चालताना दिसू लागते. वर्षामागून वर्ष ती नदीचा उतार आणि रस्त्याचा फाटा हेरून डेनिश टापूभोवती एकेक खुंटी ठोकत चालली आहे. ९१६ मध्ये एक मठाधिपती आणि त्याचे सोबती मारले गेले, तर तीन दिवसांत तिचं सैन्य वेल्समध्ये होतं. त्यांनी ब्रेकेनानमेर हे तिथलं ठिकाण उद्ध्वस्त केलं आणि तिथल्या राजाची बायको आणखी तेहेतीस जणांसह धरून आणली.

एवढ्यावर दोघींची तुलना सुरू करता येते, आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते सत्तेचं. मालिकेत मर्सिया तिला उट्रेडकडून मिळतं. इतिहासात नवरा ९११ साली गेला तेव्हा ती कारभारात मुरलेली होती. चेस्टर तर त्याच्या आधीच, ९०७ साली, पुन्हा उभं केलं गेलं होतं. नवऱ्यामागे मर्सियाच्या लोकांनी तिला 'मर्सियनांची स्वामिनी' म्हणून मानलं. त्या काळच्या इंग्रज मुलुखात ही फार दुर्मीळ गोष्ट होती. वाटेत अडचणी होत्याच. एडवर्डने त्याच वर्षी लंडन आणि ऑक्सफर्ड आपल्या ताब्यात घेतली. पण तिच्या हातात राज्य ठेवणारा कोणी वीर पुरुष तिथे नव्हता. ताराबाईंनी १७०० साली राजाराम महाराजांच्या मागे कारभार हाती घेतला. तो त्यांना एखाद्या काल्पनिक सरदाराने बहाल केला असं कोणी दाखवलं तर आपण दुसऱ्या मिनिटाला उठून बोलू. इथेही तितकंच खटकायला हवं.

एथेलस्टनचंही तसंच. मालिकेत हा मुलगा उट्रेडच्या हाताखाली वाढतो, रुमकोफात तलवार शिकतो. बाराव्या शतकातला इतिहासकार विल्यम ऑफ माम्सबरी सांगतो की तो वाढला आत्याकडे आणि तिच्या नवऱ्याकडे, मर्सियाच्या दरबारात. आणि रुमकोफा म्हणजे रंकॉर्न, ९१५ साली तिनेच बांधलेलं ठाणं. नायकाच्या खात्यावर किती गोष्टी तिच्या खात्यातून गेल्या आहेत हे असं एकेक करून कळत जातं.

शपथेची गोष्ट मात्र मोठी गमतीशीर आहे, कारण तिचा दूरचा धागा इतिहासात सापडतो. हाच विल्यम लिहितो की पहिल्या बाळंतपणात फार हाल झाल्यावर तिने नवऱ्याशी शरीरसंबंध कायमचा थांबवला. ज्या सुखातून पुढे असा त्रास निघतो ते राजकन्येला शोभत नाही, असं ती म्हणाल्याचं तो सांगतो. विल्यम तिच्यानंतर दोनशे वर्षांनी लिहीत होता, तेव्हा हे शब्द तिचेच असतील असं मी धरत नाही. तरी फरक बघा. मालिकेतली बाई राज्यासाठी प्रियकराला नाही म्हणते. विल्यमच्या गोष्टीतली बाई जीव घेणाऱ्या वेदनेला नाही म्हणते, आणि तेही गादीवर यायच्या कितीतरी आधी.

नवऱ्याबद्दल थोडक्यात. पडद्यावरचा एथेलरेड मला पाहवत नाही. पण खऱ्या एथेलरेडच्या क्रूरपणाची एकही नोंद नाही. बेनफ्लीटची, म्हणजे मालिकेतल्या बीमफ्लेओटची, एक नोंद मात्र आहे. तिथलं डेनिश ठाणं इंग्रजांनी जिंकलं तेव्हा हेस्टन या सरदाराची बायको आणि दोन मुलं हाती लागली. आल्फ्रेडने ती परत पाठवली, कारण एक मुलगा त्याचा धर्मपुत्र होता आणि दुसरा एथेलरेडचा. म्हणजे बीमफ्लेओटला कैद झालेली बाई होती, पण ती डेनिश होती. एथेलफ्लेडचं अपहरण आणि एरिकचं प्रेम ही पूर्णपणे लेखकाची निर्मिती. ती मला अजूनही आवडते. एरिक तराफ्यावर चढून चंद्रावर गेला असता तरी आवडला असता, इतका तो कलाकार जीव ओतून काम करतो. फक्त ती निर्मिती आहे हे माहीत असावं.

शेवटाकडे येते. मालिकेत ती आजारी पडते, आजार लपवते, आणि उट्रेड तिच्यापाशी पोचतो. नोंदवहीत आजाराचा शब्द नाही. ९१८ च्या सुरुवातीला लेस्टर तिने लढाई न करता मिळवलं. यॉर्कच्या लोकांनीही तिची आज्ञा मानायचं वचन दिलं होतं. ते वचन पुरं व्हायच्या आत, १२ जूनला, टॅमवर्थला तिचा मृत्यू झाला. ग्लॉस्टरला तिला पुरलं. मुलगी एल्फविन मागे उरली, पण त्याच हिवाळ्यात तिच्याकडून सगळा अधिकार काढून घेऊन तिला वेसेक्सला नेण्यात आलं. नोंदवहीत ही ओळ आहे, आणि ती ओळ लिहिणाऱ्याला झोंबलेली मला स्पष्ट ऐकू येते.

आता बहिणीच्या प्रश्नाचं उत्तर. पुढच्या रविवारी ती घरी आली तेव्हा तिला ९१७ ची नोंद वाचून दाखवली. जुलै संपत आलेला, एथेलफ्लेडच्या सैन्याने डर्बीचं ठाणं आणि त्याखालचा सगळा मुलूख जिंकला. डेनिश लोकांची पाच मोठी ठाणी होती, त्यातलं हे एक, म्हणजे विजय फार मोठा. आणि लगेच पुढे: तिथे तिचे चार थेन, म्हणजे सरदार, वेशीच्या आत मारले गेले, 'जे तिला बेसोर्गे होते'.

हा जुना इंग्रजी शब्द 'सोर्ग'वरून आलाय. सोर्ग म्हणजे काळजी, दुःख. ज्यांच्यासाठी जीव तुटतो ते बेसोर्गे. आपण म्हणू, जिवाभावाचे. अख्ख्या नोंदवहीत तिच्या मनाबद्दल एवढंच आहे. भिंती, तारखा, गावांची नावं, आणि मध्येच हा एक शब्द, जो कोणीतरी तिला रडताना पाहिल्याशिवाय लिहिला नसता असं मला मनापासून वाटतं.

बहिणीने ती ओळ स्वतः परत एकदा वाचली. "आणि त्या चौघांची नावं?"

नावं लिहिलेली नाहीत.