थ्री-फेजचं घर आणि न्यूट्रलची वायर

जुन्या बंगल्याचं वायरिंग उपसून नवं करायचं आणि त्यासोबत थ्री-फेज मीटरही घ्यायचं ठरलं, की पहिला प्रश्न हमखास येतो: कुठल्या खोलीला कुठली फेज द्यायची? प्रश्न योग्यच आहे. पण मीटरमधून घरात चार वायरी येतात आणि त्यातल्या चौथीबद्दल, न्यूट्रलबद्दल, सहसा कोणी विचारत नाही. माझ्या मते थ्री-फेज घराचं नियोजन तिथूनच सुरू व्हायला हवं.

लाल, पिवळी आणि निळी अशा वीज आणणाऱ्या तीन फेज असतात आणि प्रवाह परत नेणारी काळी न्यूट्रल. कुठलीही एक फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट मिळतात. दोन फेजमध्ये मात्र दुप्पट म्हणजे ४६० नव्हे, तर सुमारे ४०० व्होल्ट असतात, कारण व्होल्टेजच्या तिन्ही लाटा एकाच वेळी वर-खाली होत नाहीत. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. प्रत्येक फेज आधीच्या फेजच्या एकतृतीयांश आवर्तन, म्हणजे साधारण ६.७ मिलिसेकंद मागे असते. लाल फेज शिखरावर असते त्या क्षणी उरलेल्या दोघी उलट दिशेने बरोबर निम्म्यावर असतात. एक वजा अर्धा वजा अर्धा, उत्तर शून्य. तिन्ही फेजवर सारखा भार असेल तर परत जाणारा प्रवाह न्यूट्रलमध्ये उरतच नाही. कमी तांब्यात जास्त वीज वाहून नेण्याची ही युक्ती १८९१ साली जर्मनीत मोठ्या प्रमाणावर सिद्ध झाली. लाउफेनच्या जलविद्युत केंद्रातून सुमारे १७५ किलोमीटरवरच्या फ्रँकफर्टच्या प्रदर्शनाला तेव्हा थ्री-फेज वीज पोचवली गेली.

घरातला भार मात्र कधीच सारखा नसतो. लाल फेजवर २०, पिवळीवर १० आणि निळीवर ५ अँपिअर चालू असतील, तर न्यूट्रलमधून सुमारे १३ अँपिअर जातात. तेवढ्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते न्यूट्रल तुटल्यावर.

समजा लाल फेजवर २००० वॅटचा गिझर चालू आहे, पिवळीवर टीव्ही, राउटर वगैरे मिळून २०० वॅट आहेत, निळीवर काहीच नाही, आणि मीटरजवळ न्यूट्रल सुटली. आता गिझर आणि टीव्ही दोन फेजच्या मधे एकामागे एक जोडल्यासारखे होतात आणि ४०० व्होल्ट आपसात वाटून घेतात. वाटणी रोधाच्या प्रमाणात होते. गिझरचा रोध साधारण २६ ओहम. टीव्हीच्या बाजूचा, सोप्या हिशोबासाठी साधा रोध धरला तर, २६४. म्हणजे गिझरला जेमतेम ३६ व्होल्ट मिळतात आणि टीव्हीवर ३६० च्या वर व्होल्ट येतात. ‘व्होल्टेज हाय झालं आणि सगळं जळालं’ असं लोक सांगतात, त्यामागे बरेचदा हेच असतं. या वेळी वाहणारा प्रवाह जेमतेम दीड अँपिअरचा, म्हणून जादा प्रवाहावर आपोआप पडणारा स्विच, म्हणजे एमसीबी, पडत नाही. गळती नाही, म्हणून जमिनीकडे गळणारा प्रवाह ओळखून तुटणारा आरसीसीबीही गप्प राहतो. जास्त व्होल्टेज ओळखून पुरवठा तोडणारं ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर डीबीत, म्हणजे घराच्या वीज-वितरण पेटीत, असेल, तरच उपकरणं वाचतात. थ्री-फेज घरात मी त्याला चैन मानत नाही.

न्यूट्रल सुटते ती बहुधा जोडावर. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर अ‍ॅल्युमिनियमची आणि घरातली तांब्याची. हे दोन धातू नुसते पीळ देऊन जोडले आणि त्यात ओल शिरली, की अ‍ॅल्युमिनियम झिजतं, रोध वाढतो, जोड तापतो आणि तापल्याने आणखी सैल होतो. कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत हे फार लवकर घडतं. दोन धातूंसाठी बनवलेला बायमेटॅलिक लग (वायरीच्या टोकाला बसवायचा जोड) वापरावा आणि स्क्रू नीट आवळलेत का, हे समोर उभं राहून पाहावं.

न्यूट्रल गेली की गावाकडे एक जुगाड चालतो: अर्थिंगची वायर न्यूट्रलला जोडायची. दिवे लागतात, पण घराचा सगळा परतीचा प्रवाह अर्थिंगच्या खड्ड्यातून जाऊ लागतो आणि फ्रिज, वॉशिंग मशीन, गिझर यांच्या धातूच्या अंगावर धोकादायक व्होल्टेज येऊ शकतं. हे कुणालाही करू देऊ नका.

अर्थिंगचंही गणित पाहा. उन्हाळ्यात मुरुमाड जमीन सुकली आणि खड्ड्याचा रोध १० ओहम झाला, तर गिझरच्या अंगाला फेज लागल्यावर जमिनीतून २३ अँपिअरच जातील. २० किंवा २५ अँपिअरचा एमसीबी एवढ्यावर झटकन पडत नाही. म्हणून ३० मिलिअँपिअर गळतीला तुटणारा आरसीसीबी हवाच. थ्री-फेजसाठी तो चार पोलचा, म्हणजे तिन्ही फेज आणि न्यूट्रल एकदम तोडणारा, घ्यावा, आणि एका आरसीसीबीची न्यूट्रल दुसऱ्याच्या सर्किटला लागता कामा नये. तशी लागली की तो विनाकारण पडत राहतो, आणि मग वैतागून कोणीतरी तो काढूनच टाकतं.

आता फेजच्या वाटणीकडे. खोल्या मोजून वाटणी करू नका, एकाच वेळी काय चालतं ते पाहा. सकाळी दोन गिझर आणि इंडक्शन, रात्री दोन-तीन एसी. दोन्ही गिझर एका फेजवर नकोत, सगळे एसी एका फेजवर नकोत. इन्व्हर्टरवरचे दिवे-पंखे एकाच फेजवर येतात, तेव्हा त्या फेजला बाकीचा भार कमी ठेवावा. एका स्विचबोर्डात मात्र दोन फेज कधीच आणू नयेत; बोटभर अंतरावर ४०० व्होल्ट असतील, हे दुरुस्तीला आलेल्या माणसाला कळणारही नाही.

पैसे वाचवायला दोन-तीन सर्किटांना एकच न्यूट्रल ओढली जाते. तिन्ही वेगवेगळ्या फेजवर आहेत तोवर ती निभावते. पण एक फेज गेली की आपण फेज सिलेक्टर फिरवून सगळं चालू फेजवर घेतो. आता तिन्ही प्रवाह एकाच तालात, वजाबाकी संपली, बेरीज सुरू. प्रत्येकी १५ अँपिअर असले तर सामाईक न्यूट्रलमधून ४५ जातात, आणि अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीला तो भार झेपत नाही. तिच्यावर एमसीबीही नसतो. भिंतीच्या आत ती तापत राहते, बाहेर काही दिसत नाही.

एलईडी दिवे, टीव्ही, संगणक मूळ लाटेसोबत १५० आवर्तनांची लहान लाटही निर्माण करतात. ६.७ मिलिसेकंद हे तिचं अख्खं आवर्तन, त्यामुळे तिन्ही फेजमधल्या या लाटा जुळून येतात आणि भार समान असला तरी न्यूट्रलमध्ये त्यांची बेरीजच होते. म्हणून न्यूट्रल फेजपेक्षा बारीक नको आणि प्रत्येक सर्किटला ती स्वतंत्र हवी.

इलेक्ट्रिक गाडीचा विचार असेल तर आताच रिकामा पाइप टाकून ठेवा. ३२ अँपिअरचा सिंगल-फेज चार्जर एकाच फेजवर ७.४ किलोवॅट टाकतो, तर ११ किलोवॅटचा थ्री-फेज चार्जर प्रत्येक फेजवर १६ अँपिअरच. गाडीच्या आतला चार्जर थ्री-फेज घेतो का, ते आधी पाहायला हवं.

वायरींसाठी भिंतीत पाडलेल्या झिऱ्या (खाचा) बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढा आणि डीबीच्या दारावर सर्किटांचा तक्ता लावा. काम परवानाधारक ठेकेदाराचंच असावं. पहिल्या उन्हाळ्यात रात्री दहाच्या सुमाराला, सगळे एसी चालू असताना, वायरमनला क्लॅम्प मीटर (वायरीभोवती पकडून प्रवाह मोजणारं मीटर) घेऊन बोलवा आणि तिन्ही फेज व न्यूट्रल, चारही वायरींचे आकडे लिहून घ्या. एखादी फेज फार जड दिसली तर एक-दोन सर्किटं डीबीतच दुसऱ्या फेजवर हलवता येतात, भिंत न फोडता, आणि न्यूट्रल स्वतंत्र असल्या तर निर्धास्तपणे.