खाली उतरवलेल्या पिकअप ट्रकमधील डस्ट शील्डचे घासणे

डिस्क ब्रेकच्या चकतीमागे, गाडीच्या आतल्या अंगाला, स्टिअरिंग नकलवर (चाकाला धरून स्टिअरिंगबरोबर वळणाऱ्या भागावर) बसवलेल्या पातळ पोलादी पत्र्याला डस्ट शील्ड म्हणतात. मूळ उंचीपेक्षा खाली उतरवलेल्या पिकअप ट्रकमध्ये हा पत्रा चकतीला किंवा सस्पेन्शनच्या एखाद्या भागाला घासू लागणे ही पुढच्या चाकांची नेहमीची तक्रार आहे. नावावरून हा पत्रा ब्रेक पॅडची काळी भुकटी अडवत असावा असे वाटते. प्रत्यक्षात रस्त्यावरचे पाणी, चिखल व खडी चकतीच्या आतल्या पृष्ठभागावर उडू न देणे आणि तापलेल्या चकतीची धग बॉल जॉइंट (नकलला सस्पेन्शनशी जोडणारे गोलाकार सांधे) व टाय रॉड (नकलला वळवणारे स्टिअरिंगचे दांडे) यांच्या रबरी टोप्यांपर्यंत पोहोचू न देणे, हे त्याचे काम आहे.

पिकअप ट्रक खाली उतरवण्याची हौस मुख्यतः अमेरिकेतली असून शेव्हरोलेचे सी-१० आणि एस-१० हे ट्रक त्यासाठी विशेष आवडते आहेत. सी-१० ला १९७१ पासून पुढे डिस्क ब्रेक मिळाले आणि त्यांच्याबरोबर हा पत्राही आला. पुढचा भाग उतरवण्यासाठी आखूड स्प्रिंग वापरतात किंवा नकलच बदलून ‘ड्रॉप स्पिंडल’ बसवतात. ड्रॉप स्पिंडलमध्ये चाकाचा आस दोन्ही बॉल जॉइंटांच्या तुलनेत वर सरकवलेला असतो, बहुधा २ इंच, म्हणजे सुमारे ५१ मिलिमीटर. त्यामुळे आर्मचे, म्हणजे नकलला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या सस्पेन्शनच्या दांड्यांचे, मूळ कोन जवळपास तसेच राहून गाडी तेवढी खाली येते. हा या पद्धतीचा मोठा गुण आहे, आणि घासण्याचे मूळही त्यातच आहे. आसाबरोबर चकती वर जाते, पण बॉल जॉइंट, लोअर (खालचा) आर्म आणि स्टिअरिंग आर्म (टाय रॉड जोडला जातो तो नकलचा भाग) आपापल्या जागीच राहतात. मूळ शील्डच्या खाचा व उभार मूळ नकलच्या मापाने ठोकलेले असल्यामुळे ते या भागांसमोर नीट येत नाहीत आणि पत्र्याची कड नको तिथे टेकते. कारखान्यापेक्षा मोठी चकती बसवली असेल, तर जुन्या शील्डचा घेर तिला अपुरा पडून हीच अडचण येते.

येथे दोन प्रकारचे घासणे वेगळे ओळखणे अत्यंत आवश्यक आहे. शील्ड आणि चकती दोन्ही नकलवरच असल्याने त्यांच्यातील फट सस्पेन्शन वरखाली झाल्याने बदलत नाही. शील्ड आणि आर्म यांच्यातील अंतर मात्र गाडीच्या उंचीबरोबर व स्टिअरिंगच्या वळणाबरोबर बदलते. अनेकदा दुसऱ्या प्रकारातून पहिला जन्मतो: चाक पूर्ण वळवले की आर्म पत्र्याला रेटतो, पत्रा वाकून चकतीला टेकतो, आणि मग गाडी सरळ चालतानाही आवाज येत राहतो. अशा वेळी पत्रा नुसता मागे ओढून ठेवला, तर पुढच्या मोठ्या वळणाला तो पुन्हा वाकतो.

आवाज पातळ, धातूवर धातू खरवडल्यासारखा असतो आणि चाकाच्या फेऱ्यांबरोबर येतो; २८ इंच व्यासाच्या टायरवर ताशी २० किलोमीटर वेगाला सेकंदाला सुमारे अडीच वेळा. झिजलेल्या पॅडची किरकिर बहुधा ब्रेक दाबताच बदलते आणि खराब बेअरिंगची घरघर वळणावर भार सरकला की कमीजास्त होते, यावरून फरक करता येतो. शील्ड आणि चकती यांच्यात अडकलेला खडाही हुबेहूब असाच आवाज करतो. आपल्याकडे कच्च्या रस्त्यावरून आलेल्या, न उतरवलेल्या गाड्यांमध्येही हे घडते, म्हणून पत्र्याला हात लावण्यापूर्वी खडा शोधावा.

तपासणीसाठी गाडी जॅकवर उचलून भक्कम स्टँडवर टेकवतात, चाक काढतात आणि चकती हाताने फिरवतात. घासणाऱ्या जागी गंजलेल्या पत्र्यावर आरशासारखी चकचकीत रेघ उमटलेली असते. मात्र सस्पेन्शन लोंबकळत असताना आर्म चालत्या स्थितीत नसतो. त्यामुळे लोअर आर्मखाली जॅक देऊन सस्पेन्शन गाडीच्या नेहमीच्या उंचीला आणावे आणि मग स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून पाहावे. हीच पायरी घाईत सर्वाधिक वगळली जाते.

पत्रा केवळ वाकला असेल, तर पकडीने किंवा जाड स्क्रू-ड्रायव्हरच्या आधाराने तो हलकेच मागे घेऊन सगळीकडे सुमारे ३ मिलिमीटर फट ठेवणे पुरते. आर्म टेकत असेल, तर टेकणाऱ्या भागावर खडूने खूण करून तेवढाच तुकडा पत्रा कापण्याच्या कातरीने काढतात, कडा कानशीने गुळगुळीत करतात आणि उघड्या पोलादावर गंजरोधक रंग लावतात. ज्या ट्रकमध्ये बेअरिंग व हब (चाक ज्यावर बसते तो मधला भाग) यांचे एकसंध युनिट असते, त्यांत शील्ड बहुधा युनिट आणि नकल यांच्यामध्ये दाबलेले असते. ते बाहेर काढायचे तर युनिट सोडवावे लागते आणि बोल्ट पुन्हा ठरलेल्या टॉर्कने (पिळाच्या जोराने) आवळावे लागतात.

शील्ड पूर्ण काढून टाकण्याचा मार्ग अनेक जण पत्करतात. कोरड्या हवेत, प्रदर्शनापुरत्या चालवल्या जाणाऱ्या ट्रकला त्याने लगेच अपाय होत नाही. परंतु रोज पावसात किंवा मीठ टाकलेल्या बर्फाळ रस्त्यावर चालणाऱ्या ट्रकची चकती आतून लवकर गंजते व बॉल जॉइंटची रबरी टोपी सतत उष्णता खाते. म्हणून अर्धे कापलेले शील्डही अजिबात नसण्यापेक्षा बरे. काम संपल्यावर ब्रेकचा रबरी नळ आणि एबीएस (ब्रेक दाबताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) सेन्सरची तार कापलेल्या कडेपासून दूर आहे का, हे स्टिअरिंग दोन्ही टोकांना नेऊन पाहतात, कारण शील्डलगत जाणारी तार पत्रा हलवताना सहज सरकलेली असते.