किडनी कॅन्सर आणि जीनचा रिपोर्ट: मागचा इतिहास काय आहे

हल्ली जळगाव-धुळ्याहून मुंबई-नाशिकला जाऊन आलेल्या पेशंटच्या फाईलमधे एक नवा कागद दिसायला लागलाय. किडनी काढली, हिस्टो रिपोर्टवर, म्हणजे काढलेली गाठ मायक्रोस्कोपखाली बघून दिलेल्या कागदावर, क्लिअर सेल (किडनी कॅन्सरचा सगळ्यात नेहमीचा प्रकार) लिहून आलं, आणि त्याच्या मागे कुठल्यातरी लॅबचा कित्येक पानांचा जीन पॅनल, म्हणजे एकदम बऱ्याच जीनची तपासणी, त्यात व्हीएचएल, पीबीआरएम१, बॅप१ असली जीनची नावं. घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, यावरून कळतं का पेशंट किती वर्षं काढेल. दुसरा प्रश्न जरा वेळाने, आवाज खाली करून येतो, पोरांना होईल का. लोक दोन्ही प्रश्नांचं उत्तर त्या एकाच कागदात शोधतात आणि तिथेच घोळ होतो, कारण हे दोन प्रश्न वेगवेगळ्या वाटेने इथवर आलेत. स्टेज, बायोप्सी, केमो म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहे असं धरून लिहितोय.

फार जुनं थोडक्यात उरकतो. १८८३ मधे या गाठी किडनीच्या नाहीतच, वरच्या अॅड्रिनल ग्रंथीचे तुकडे भरकटून वाढतात असं मांडलं गेलं, त्यातूनच हायपरनेफ्रोमा हे नाव आलं, ते जुन्या सर्जन लोकांच्या तोंडून अजून ऐकू येतं. १९६० च्या दशकात गाठ किडनीच्या आत आहे का बाहेर, शिरेत शिरली का, यावरून स्टेज ठरवायची पद्धत बसली. १९८२ मधे मायक्रोस्कोपखाली पेशीचं केंद्रक बघून १ ते ४ असा फुरमन ग्रेड आला. पुढे २०१२ मधे जगभरच्या पॅथॉलॉजी तज्ज्ञांनी तो बदलायचं ठरवलं आणि २०१६ च्या वर्गीकरणात नवा ग्रेड आला, तोही १ ते ४ च. हे सगळं डोळ्यांनी बघून ठरवायचं काम, जीनचा संबंध नाही.

जीनची गोष्ट सुरू होते एका कुटुंबापासून. १९७९ मधे अमेरिकेतून रिपोर्ट आला की एकाच घराण्यात तीन पिढ्यांमधे दहा जणांना किडनीचा कॅन्सर झाला आणि त्यांच्या रक्तातल्या पेशींमधे ३ नंबरच्या आणि ८ नंबरच्या क्रोमोसोमच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली सापडली. म्हणजे शोधायचं ते ३ नंबरवर, आणि त्यातही त्याच्या आखूड बाजूवर, ज्याला ३पी म्हणतात. दुसरीकडून डोळ्याच्या पडद्यावर, मेंदूत आणि किडनीत गाठी होणारा एक आनुवंशिक आजार आधीपासून माहीत होता, त्याचा जीन १९९३ मधे याच ३पी वर सापडला, तोच व्हीएचएल. खरी उलथापालथ १९९४ मधे झाली, ज्यांच्या घरात कुणालाच काही नाही अशा साध्या पेशंटच्या क्लिअर सेल गाठीतही हाच जीन बिघडलेला निघाला.

पुढची काही वर्षं हा जीन नेमकं काय करतो ते शोधण्यात गेली. शरीराला ऑक्सिजन पुरेसा असेल तर व्हीएचएल हा एचआयएफ नावाच्या प्रोटीनला संपवायला मदत करतो. व्हीएचएल बिघडला की एचआयएफ साचत जातं, ऑक्सिजन असूनही पेशी नसल्यासारखी वागते आणि नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते. किडनीची गाठ सीटी स्कॅनमधे एवढी रक्ताने भरलेली दिसते ती त्यामुळे. यातूनच २००५ च्या डिसेंबरमधे सोराफेनिब आणि २००६ च्या जानेवारीत सुनिटिनिब या रक्तवाहिन्या अडवणाऱ्या गोळ्यांना अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याआधी पसरलेल्या किडनी कॅन्सरला इंटरल्यूकिन आणि इंटरफेरॉन या प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या इंजेक्शनांशिवाय फारसं काही नव्हतं. पेशी ऑक्सिजन कसा ओळखते या शोधाला २०१९ चं नोबेलही मिळालं.

मग साहजिक वाटलं की एवढा महत्त्वाचा जीन, तर पेशंटचं पुढचं भविष्यही तोच सांगेल. नाही सांगत. काही अभ्यासांत व्हीएचएल बिघडलेले पेशंट जास्त जगले, काहींत कमी, काहींत काहीच फरक नाही. कारण विचार केला तर सरळ आहे, क्लिअर सेलच्या बहुतेक गाठींत हा जीन या ना त्या प्रकारे बंदच असतो आणि ३पी चा तुकडा तर ९० टक्क्यांहून जास्त गाठींत गेलेला असतो. जे जवळपास सगळ्यांमधे आहे त्यावरून हा पेशंट आणि तो पेशंट वेगळा कसा करणार. त्यामुळे रिपोर्टवर व्हीएचएल पॉझिटिव्ह, म्हणजे बिघडलेला, बघून कुणी रडत असेल तर त्याला आधी हे सांगा. २००३ मधे सीएआयएक्स या प्रोटीनवरून अशीच आशा होती, गाठीच्या ८५ टक्क्यांपेक्षा जास्त पेशींत हे प्रोटीन दाखवणारा रंग चढला तर पेशंट चांगला चालतो म्हणून, पण पुढे मोठ्या गटात ग्रेड-स्टेज धरून बघितलं तर त्याचं स्वतःचं वजन टिकलं नाही.

आता ज्या काळावर मला जास्त लिहायचंय तो २०१० ते २०१८. सिक्वेन्सिंग, म्हणजे जीन अक्षर-अक्षर वाचायचं तंत्र, स्वस्त झालं आणि व्हीएचएलच्या शेजारीच ३पी वर आणखी तीन जीन हाती लागले, २०१० मधे एसईटीडी२, २०११ मधे पीबीआरएम१, २०१२ मधे बॅप१. चारही एकाच बाजूवर, म्हणजे ३पी चा तो तुकडा गळाला की चारही जीनची एकेक प्रत एकदमच जाते आणि दुसरी प्रत कुठल्या जीनची बिघडते यावर गाठीचा स्वभाव बदलतो. पीबीआरएम१ साधारण ४० टक्के गाठींत बिघडलेला, बॅप१ त्यापेक्षा बराच कमी, आणि दोन्ही एकाच गाठीत सहसा नसतात. २०१३ मधे एका अमेरिकन सेंटरने आपले पेशंट मांडले, बॅप१ बिघडलेल्यांपैकी अर्धे पेशंट हयात असण्याचा काळ ४.६ वर्षं आणि पीबीआरएम१ वाल्यांचा १०.६ वर्षं. हा आकडा इतका ठळक होता की लॅबवाल्यांच्या माहितीपत्रकात आणि इंटरनेटवर तो आजही फिरतो, आणि आपल्याकडच्या लोकांच्या मोबाईलमधे येतो तो हाच.

पण त्याच्या एक वर्ष आधी, २०१२ मधे, इंग्लंडमधून एक काम आलं होतं ज्याकडे मला वाटतं पेशंटच्या नातेवाईकांनी जास्त लक्ष द्यायला हवं. त्यांनी एकाच पेशंटच्या एकाच गाठीतून वेगवेगळ्या जागचे तुकडे घेतले आणि प्रत्येकाचे जीन तपासले. सापडलेल्या बदलांपैकी ६३ ते ६९ टक्के बदल प्रत्येक तुकड्यात नव्हतेच, कुठे होते कुठे नव्हते, आणि एकाच गाठीच्या एका तुकड्यात चांगल्या भविष्याची खूण आणि दुसऱ्या तुकड्यात वाईटाची. आपल्याकडे केळीचा व्यापारी घडाची एक फणी बघून अख्ख्या बागेचा भाव करतो, ते जमतं कारण बाग एकाच वेळी लावलेली असते, गाठ तशी एकसारखी वाढत नाही. व्हीएचएल आणि ३पी चा बदल सुरुवातीचा, म्हणून सगळीकडे सापडतो. बॅप१, एसईटीडी२ वगैरे बरेचदा नंतरचे, झाडाच्या बुंध्यावर नाही तर एखाद्याच फांदीवर असावेत तसे. लॅबला पाठवलेल्या ब्लॉकमधे, म्हणजे मेणात जपलेल्या तुकड्यात, गाठीचा नेमका कुठला कोपरा आला यावर रिपोर्ट बदलू शकतो, आणि असा कोपरा मुद्दाम निवडून पाठवला गेलाय असं मला तरी आपल्या भागातल्या फाईलींमधे क्वचितच दिसतं.

यावरून मोठा वाद झाला आणि तो पूर्ण मिटलेला नाही. एका बाजूचं म्हणणं, अनेक जीन एकत्र घेऊन स्कोर काढला तर एकेका तुकड्याची चूक झाकली जाते, आणि तसे स्कोर निघालेही, ३४ जीनचा २०१४ मधे, १६ जीनचा २०१५ मधे, दोन्ही त्यांच्या पेशंटमधे बरे चालले. २०१८ मधे पेशंटची तब्येत आणि रक्ताच्या तपासण्यांवरून काढायच्या जुन्या क्लिनिकल स्कोरमधे बॅप१, पीबीआरएम१ आणि टीपी५३ हा आणखी एक जीन घालून बघितलं, अंदाज सुधारला, पण थोडासाच. दुसऱ्या बाजूचं म्हणणं की बॅप१ वाल्या गाठी मुळातच हाय ग्रेड असतात, ग्रेड-स्टेज धरून हिशोब केला की जीनचा स्वतंत्र वाटा कमी होत जातो, आणि मुख्य म्हणजे जीन कळल्याने उद्याची ट्रीटमेंट बदलत नसेल तर पेशंटच्या खिशातून एवढे पैसे का काढायचे. त्याच २०१८ मधे पीबीआरएम१ बिघडलेल्यांना इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारं औषध, जास्त लागू पडते असं आलं आणि सगळीकडे बातमी झाली, पण नंतरच्या ट्रायलमधे कुठे जुळलं कुठे नाही. पेशंट किती जगेल आणि कुठलं औषध त्याला लागू पडेल या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि या एका जीनच्या बाबतीत त्या इतक्या मिसळल्या गेल्या की डॉक्टर लोकांतसुद्धा गोंधळ दिसतो. शेवटी उपचाराच्या मार्गदर्शक सूचना लिहिणाऱ्यांनी यातला एकही जीन रोजच्या वापरात भविष्य सांगायला घेतला नाही. मला हा निर्णय बरोबर वाटतो. निदान आपल्या भागासाठी तरी, जिथे ऑपरेशन रेशन कार्डावरच्या सरकारी योजनेत होतं आणि जीन पॅनलचे पैसे बहुतेक वेळा घरातलं काहीतरी मोडून भरले जातात.

शिवाय पसरलेल्या आजारात भविष्य सांगायला जे वापरतात ते २००९ पासून आजपर्यंत सहाच गोष्टींवर चालतं. पेशंटची हिंडण्या-फिरण्याची ताकद, निदानापासून औषध सुरू होईपर्यंत एक वर्ष गेलं का, हिमोग्लोबिन, कॅल्शियम, न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) आणि प्लेटलेट. मूळ अभ्यासात यातला एकही दोष नसलेल्यांपैकी ७५ टक्के दोन वर्षांनी हयात होते, तीन किंवा जास्त दोष असलेल्यांपैकी ७ टक्के. ते आकडे जुन्या गोळ्यांच्या काळातले आहेत, आता इम्युनोथेरपीने चित्र सुधारलंय, पण गट पाडायची रीत तीच. या तपासण्या चोपड्यात होतात, शहाद्यात होतात, भुसावळला स्टेशनजवळच्या साध्या लॅबमधे पण होतात. ऑपरेशननंतर आजार परत येऊ नये म्हणून २०२१ पासून जे इम्युनोथेरपीचं इंजेक्शन आलं ते द्यायचं का हेसुद्धा ग्रेड, स्टेज आणि सारकोमॅटॉइड भाग, म्हणजे लांबट, जास्त आक्रमक पेशींचा भाग, आहे का यावर ठरतं. म्हणून आपल्या हिस्टो रिपोर्टमधे ग्रेड लिहिलाय का, नेक्रोसिस, म्हणजे गाठीतला मेलेला भाग, आहे का नाही लिहिलंय का, हे विचारून घ्या. नुसतं रिनल सेल कार्सिनोमा, म्हणजे किडनीचा कॅन्सर एवढंच, लिहून सही केलेले रिपोर्ट अजूनही येतात आणि त्याचं मला फार वाईट वाटतं, कारण ती माहिती स्लाईडवर होती, फक्त लिहायची राहिली.

आता दुसरा प्रश्न, पोरांचा. गाठीच्या तुकड्यात सापडलेला व्हीएचएलचा बिघाड हा बहुतेक वेळा त्या गाठीपुरता असतो, तो पेशंटच्या रक्तात नसतो आणि मुलांकडे जात नाही. रक्तात आहे का हे वेगळ्या तपासणीत कळतं. आपल्याकडे नंदुरबार, सातपुडा पट्ट्यात सिकलसेलमुळे घरोघरी माहीत आहे की रक्ताच्या तपासणीत कळतं, आई-बाप दोघं वाहक असले तर मुलाला आजार होऊ शकतो. व्हीएचएलचं तसं नाही, इथे एकाच पालकाकडून बिघडलेला जीन आला तरी पुरे, म्हणजे प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. जन्मणाऱ्या साधारण ३६,००० मधे एक असं प्रमाण सांगतात, म्हणजे दुर्मिळच. तरी ४६ वर्षांच्या आत किडनीचा कॅन्सर, दोन्ही किडन्यांत गाठी, एकाच किडनीत बऱ्याच गाठी, किंवा जवळच्या नात्यात असाच आजार, यातलं काही असलं तर रक्ताची जीन तपासणी करावी असं सूचनांमधे स्पष्ट आहे. आणि नेमकी तीच आपल्याकडे राहते. ज्या साठीच्या पेशंटला गरज नाही त्याचा मोठा पॅनल होतो आणि पस्तिशीच्या पोराला कुणी विचारत नाही की बाबा, तुझ्या काकाला मेंदूची गाठ झाली होती का.

यात जीन खरोखर भविष्य बदलतो, म्हणून थांबून सांगतो. व्हीएचएल घराण्यातल्या किडनीच्या गाठी ३ सेंटिमीटरपर्यंत सहसा नुसत्या स्कॅनवर बघत राहतात, किडनी वाचवायला. पण एफएच नावाचा दुसरा जीन आहे, २००२ मधे सापडलेला, त्याच्या गाठी लहान असतानाच पसरतात, तिथे थांबायचं नाही, लगेच काढायची. या घराण्यातल्या बायकांना तरुणपणीच गर्भाशयात गाठी होतात. आणि आपल्या गावांमधे तिशी-पस्तिशीत पिशवी काढलेल्या बाया किती आहेत ते सांगायला नको, गाठ होती, अंगावरून जात होतं, काढून टाकली, कागद कुणी ठेवला नाही. सगळ्यांना हा जीन असतो असं अजिबात नाही, साध्या फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातल्या कॅन्सर नसलेल्या गाठीच जास्त. पण भावाला चाळीशीत किडनीचा कॅन्सर निघतो तेव्हा बहिणीची पिशवी का काढली होती हा प्रश्न डॉक्टरही विचारत नाहीत आणि घरचे सांगत नाहीत, पुरुषांसमोर सांगायची गोष्ट वाटत नाही म्हणून. ‘आते काय करानं’ (आता काय करायचं) म्हणत फाईल घेऊन बसलेल्या माणसाला मी आधी हेच विचारतो.

२०२२ च्या जागतिक वर्गीकरणात एफएच, टीएफई३ अशा जीनवरूनच काही किडनी कॅन्सरना नावं दिली गेली, म्हणजे जिथे जीन निदानच ठरवतो तिथे तो अधिकृतपणे आला. व्हीएचएलच्या बाजूनेही गोष्ट पुढे सरकली, एचआयएफलाच अडवणारी बेल्झुटिफान ही गोळी २०२१ मधे व्हीएचएल आजाराच्या घराण्यांसाठी आणि २०२३ च्या डिसेंबरमधे नेहमीच्या पसरलेल्या किडनी कॅन्सरसाठी, आधीच्या औषधांनंतर, अमेरिकेत मान्य झाली. घराण्यातल्या पेशंटसाठी तो आजार सिद्ध असावा लागतो. नेहमीच्या पेशंटला मात्र ही गोळी द्यायला गाठीचा व्हीएचएल तपासावा अशी अट त्या मान्यतेत नाही.