विधेयकावरील दुरुस्त्यांचे मतदान

विधिमंडळापुढे आलेल्या विधेयकाच्या मसुद्यात बदल सुचवणाऱ्या प्रस्तावांवर सदस्यांनी कौल देण्याची पद्धत. विधेयक मंजूर करायचे की नाही हा शेवटचा प्रश्न असतो आणि बातमी त्याचीच होते. त्याआधी अमुक शब्द काढावा का, तमुक ओळ घालावी का, असे अनेक लहान प्रश्न सभागृहापुढे येऊन जातात. कायद्याचा खरा आकार तिथे ठरतो. बाजूने किती मते पडली याइतकेच महत्त्व कोणता प्रश्न आधी आणि कोणता नंतर विचारला गेला यालाही असते.

भारतातील कायदेव्यवहाराच्या मराठीत विधेयकातल्या तरतुदीला ‘खंड’ म्हणतात; कायदा झाला की तिचेच ‘कलम’ होते. बदलाला अधिकृत कागदपत्रांत ‘सुधारणा’ आणि वर्तमानपत्रांत ‘दुरुस्ती’ म्हणतात. या नोंदीत ‘दुरुस्ती’च वापरली आहे, कारण सुचवलेला प्रत्येक बदल ही सुधारणाच असते असे नाही.

प्रश्न कसा मांडला जातो

कागदावर दुरुस्ती अगदी रुक्ष दिसते. उदाहरणार्थ : ‘खंड ७, ओळ ३ मधील “तीस” या शब्दाऐवजी “साठ” हा शब्द दाखल करावा.’ एवढ्यावर नागरिकाला अपील करायला एक महिना मिळणार की दोन, हे ठरते. दुसरा सदस्य या दुरुस्तीलाच दुरुस्ती सुचवू शकतो : ‘साठ’ऐवजी ‘पंचेचाळीस’. तेव्हा ब्रिटिश धाटणीच्या सभागृहांत आतून बाहेर येत मतदान होते. साठचे पंचेचाळीस करायचे का, हा पहिला प्रश्न. त्याचा निकाल लागल्यावर जी संख्या उरेल ती मूळ तीसच्या जागी घालायची का, हा दुसरा. शेवटी ‘दुरुस्त केलेला खंड ७ विधेयकाचा भाग व्हावा’ हा तिसरा. ‘दुरुस्ती मंजूर झाली’ आणि ‘खंड मंजूर झाला’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. दुरुस्ती स्वीकारून मग तोच खंड फेटाळणे सभागृहाला पूर्ण मोकळे असते.

प्रत्येक दुरुस्ती मतदानापर्यंत पोचते असे नाही. लोकसभेच्या नियमांनुसार ती विधेयकाच्या कक्षेत बसणारी आणि संबंधित खंडाशी सुसंगत असावी लागते. त्याच प्रश्नावर सभागृहाने आधी घेतलेल्या निर्णयाशी ती विसंगत चालत नाही, तिच्यामुळे खंड अर्थहीन होता कामा नये आणि ती पोरकटही असता कामा नये. करासंबंधीची विधेयके आणि त्यांवरच्या दुरुस्त्या मांडायला एरवी राष्ट्रपतींची शिफारस लागते; कर कमी किंवा रद्द करण्याच्या दुरुस्तीला मात्र ती लागत नाही. अमेरिकी प्रतिनिधिगृहाने विषयाशी संबंध असण्याचा नियम १७८९ पासून पाळला आहे. तिथल्या सिनेटमध्ये मात्र असा सरसकट नियम नाही, त्यामुळे एका विषयाच्या विधेयकाला भलत्याच विषयाची दुरुस्ती चिकटवण्याची परंपरा तिथे जोरात आहे.

आवाज, डोकी, बटणे

पीठासीन अधिकारी प्रश्न वाचतात. बाजूचे सदस्य ‘होय’ म्हणतात, विरोधातले ‘नाही’, आणि अधिकारी अंदाजाने सांगतात : ‘होयचे बहुमत आहे.’ हे आवाजी मतदान. बहुतेक दुरुस्त्या अशाच काही सेकंदांत निकालात निघतात, आणि ज्या निघतात त्या बहुधा फेटाळल्याच जातात. ही पद्धत वेळ वाचवते, पण कोणी काय म्हटले याची नोंद ठेवत नाही. ज्या सदस्याला आपले मत मतदारांना दिसू द्यायचे नाही, त्याला याहून सोयीचे काही नाही.

निर्णयाला आव्हान दिले की मतविभाजन होते. लोकसभेत साडेतीन मिनिटे घंटा वाजते, मग लॉबीची दारे बंद होतात, प्रश्न पुन्हा मांडला जातो आणि सदस्य बाजूने, विरोधात किंवा तटस्थ असे बटण दाबतात. मतविभाजनाची मागणी विनाकारण आहे असे अध्यक्षांना वाटले, तर सदस्यांना जागेवर उभे करून नुसती डोकी मोजण्याची मुभा नियमांत आहे. मागणी नाकारली गेली की वाद पेटतो. २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत कृषी विधेयके आवाजी मतदानाने मंजूर झाली तेव्हा विरोधकांनी मतविभाजन मागितले होते. सदस्य जागेवर नव्हते आणि सभागृहात शांतता नव्हती, असे कारण देण्यात आले. विरोधकांनी ते मानले नाही.

ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, म्हणजे कॉमन्समध्ये, आठ मिनिटांनी दारे बंद होतात आणि सदस्य ‘होय’ किंवा ‘नाही’च्या मार्गिकेतून चालत जातात. जर्मनीच्या संसदेत, म्हणजे बुंडेस्टागमध्ये, हाताच्या मतदानातून निकाल स्पष्ट झाला नाही, तर सगळे सभागृहाबाहेर जातात आणि होय, नाही, तटस्थ अशा तीन दारांपैकी एकातून परत येतात. येताना त्यांची मोजणी होते. या पद्धतीला तिथे ‘मेंढ्यांची उडी’ असेच नाव आहे.

नोंद होते की नाही, याने काय फरक पडतो हे अमेरिकेत दिसले. ८ फेब्रुवारी १९६४ रोजी नागरी हक्क विधेयकावर प्रतिनिधिगृहाचे सदस्य हॉवर्ड स्मिथ यांनी दुरुस्ती मांडली : नोकरीतल्या भेदभावाला बंदी घालणाऱ्या भागात वंश, वर्ण, धर्म यांच्या जोडीला ‘लिंग’ हा शब्द घालावा. स्मिथ स्वतः विधेयकाचे कट्टर विरोधक होते. त्यांचा हेतू विधेयक बुडवण्याचा होता की स्त्रियांच्या हक्कांचा, यावर अभ्यासक अजून भांडतात. दुरुस्ती १६८ विरुद्ध १३३ मतांनी मंजूर झाली आणि स्त्रियांना नोकरीत समान वागणूक मिळवून देणाऱ्या पुढच्या असंख्य खटल्यांचा पाया बनली. ते १६८ कोण, हे अधिकृत नोंदीत नाही. त्या काळी संपूर्ण सभागृहाच्या समितीत, म्हणजे सारे सभागृहच समिती म्हणून बसलेले असताना, दुरुस्त्यांवर मत देताना सदस्य मोजणीदारांसमोरून रांगेने जात. आकडा नोंदला जाई, नावे नाहीत. १९७० च्या सुधारणा कायद्यानंतर नावानिशी नोंद होऊ लागली आणि १९७३ पासून इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली. मग मंजुरीच्या आशेने नव्हे, तर प्रतिस्पर्ध्याला अडचणीचे मत द्यायला लावण्यासाठीही दुरुस्त्या मांडल्या जाऊ लागल्या.

समसमान मते

बरोबरी झाली तर काय, याचे उत्तर देशागणिक बदलते. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद १०० नुसार पीठासीन अधिकारी एरवी मत देत नाहीत, बरोबरी झाली तरच निर्णायक मत देतात. कॉमन्समध्ये हे मत कसे द्यावे याचा संकेत एकोणिसाव्या शतकातले सभापती डेनिसन यांच्या नावाने ओळखला जातो : बहुमत नसताना बदल करायचा नाही, म्हणजे दुरुस्तीविरुद्ध मत देऊन विधेयक आहे तसे ठेवायचे. २२ जुलै १९९३ रोजी युरोपीय संघ स्थापणाऱ्या मास्ट्रिक्ट कराराच्या संदर्भातल्या एका प्रस्तावावरच्या दुरुस्तीला ३१७ विरुद्ध ३१७ मते पडली. सभापती बेट्टी बूथरॉइड यांनी संकेतानुसार दुरुस्तीविरुद्ध मत दिले. नंतर आढळले की मोजणीत एका मताची चूक होती आणि बरोबरी झालीच नव्हती.

क्रम

सर्वांत कमी चर्चा होते आणि सर्वांत जास्त परिणाम करते ती गोष्ट म्हणजे क्रम. वरचेच उदाहरण घेऊ. शंभर सदस्यांपैकी ४० जणांना तीस दिवस हवेत, २५ जणांना पंचेचाळीस आणि ३५ जणांना साठ. तीस आणि साठवाल्यांची दुसरी पसंती पंचेचाळीसच आहे. समोरासमोर लावल्यास पंचेचाळीस हा आकडा साठला ६५–३५ ने आणि तीसला ६०–४० ने हरवतो. आता दोन्ही दुरुस्त्या स्वतंत्रपणे, एकापाठोपाठ एक मांडायच्या आणि पंचेचाळीसचा प्रश्न पहिला घ्यायचा असे समजा. साठवाले ‘आपली पाळी अजून यायची आहे’ म्हणून विरोधात जातात, तीसवाले तर विरोधात आहेतच. ७५ मतांनी पंचेचाळीस पडतो, आणि जो दोघांनाही हरवू शकत होता तोच पहिल्या फेरीत बाद होतो. यावर उपाय म्हणून फ्रान्समध्ये मूळ मसुद्यापासून सर्वांत दूरची दुरुस्ती आधी घेतात. खंड वगळण्याची सूचना सगळ्यांच्या आधी. ती मंजूर झाली की त्या खंडावरच्या बाकी दुरुस्त्या आपोआप गळतात.

क्रम कितीही सुज्ञपणे लावला तरी एक पेच सुटत नाही. बहुमताला ‘अ’पेक्षा ‘ब’, ‘ब’पेक्षा ‘क’ आणि ‘क’पेक्षा पुन्हा ‘अ’ बरा वाटू शकतो, हे फ्रेंच गणिती काँदोर्से याने १७८५ मध्येच दाखवले होते. अशा वेळी कोण जिंकणार हे क्रम लावणाऱ्याच्या हातात जाते.

या फटीतूनच ‘मारक दुरुस्ती’ शिरते. विधेयकाला गोंडस वाटणारी अशी पुस्ती जोडायची की तिच्यामुळे विधेयकाचे काही पाठीराखे दूर जावेत. पाठ्यपुस्तकातले उदाहरण १९५६ चे आहे. अमेरिकेत शाळा बांधायला केंद्रीय मदत देणाऱ्या विधेयकावर कृष्णवर्णीय प्रतिनिधी ॲडम क्लेटन पॉवेल यांनी दुरुस्ती मांडली की वर्णभेद पाळणाऱ्या शाळांना हा पैसा मिळू नये. पॉवेल यांची तळमळ खरी होती. पण विधेयकच नको असलेल्या अनेक रिपब्लिकनांनीही दुरुस्तीला मत दिले, आणि ती २२५ विरुद्ध १९२ ने मंजूर झाली. मग त्यांच्यापैकी अनेकांनी आणि दक्षिणेकडच्या डेमोक्रॅटांनी मिळून दुरुस्त केलेले विधेयक २२४ विरुद्ध १९४ ने पाडले. एकाच माणसाने आधी ‘होय’ आणि मग ‘नाही’ म्हणण्यात इथे विसंगती नव्हती, हिशेब होता.

घटनादुरुस्तीच्या विधेयकात आणखी एक पेच असतो. भारतात अशा विधेयकाच्या प्रत्येक खंडाला विशेष बहुमत लागते : एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश. त्या खंडावरच्या दुरुस्तीला मात्र साधे बहुमत पुरते. म्हणजे दुरुस्ती सहज आत येते, पण तिच्यासकट खंड तगवणे कठीण होते. ३१ जुलै २०१७ रोजी राज्यसभेत मागासवर्ग आयोगाला घटनात्मक दर्जा देणाऱ्या १२३ व्या घटनादुरुस्ती विधेयकावर विरोधकांची दुरुस्ती मंजूर झाली आणि आयोगाची रचना सांगणारा खंड ३ वगळूनच विधेयक मंजूर झाले. गाभ्याशिवाय उरलेले ते विधेयक मार्गी लागायला पुढे वर्ष गेले.

दुरुस्त्यांचा पूर

दुरुस्ती हे अडवणुकीचेही हत्यार आहे. प्रत्येकीवर स्वतंत्र मत घ्यायचे तर सभागृह आठवडेच्या आठवडे अडकते. कॅनडात जून २०१२ मध्ये अर्थसंकल्पाशी निगडित एका जाडजूड विधेयकावर ८७१ दुरुस्त्या आल्या. सभापतींनी गट पाडून मतदानांची संख्या १५९ वर आणली. तरीही खासदार रात्रभर आणि दुसऱ्या दिवशीही एकेक नाव पुकारले जाताना उभे राहत होते, आणि एकही दुरुस्ती मंजूर झाली नाही. इटलीत २०१५ मध्ये सिनेटर रॉबेर्तो काल्देरोली यांनी संगणकाच्या मदतीने तब्बल ८ कोटी २० लाखांहून अधिक दुरुस्त्या तयार केल्या. सिनेटच्या अध्यक्षांनी त्या स्वीकारल्याच नाहीत. सारख्या दुरुस्त्यांचा समान भाग एकदाच मताला टाकून बाकीच्या ओलांडून पुढे जाण्याच्या युक्तीला तिथे ‘कांगारू’ म्हणतात. कॉमन्समध्ये कोणत्या दुरुस्त्या चर्चेला घ्यायच्या हे निवडण्याचा अधिकार सभापतींकडे आहे. वेळ संपली की उरलेल्या साऱ्या दुरुस्त्या चर्चेविना एकत्र मताला टाकण्याला अनेक देशांत एकच नाव आहे : गिलोटिन.

गठ्ठ्याने मतदान होते तिथे चुकाही होतात. २६ मार्च २०१९ रोजी युरोपीय संसदेत कॉपीराइट निर्देशावर दुरुस्त्यांचा विचार करायचा की नाही, याच प्रश्नावर मत घेतले गेले. ३१७ विरुद्ध ३१२ ने ‘नाही’ ठरले. नंतर काही सदस्यांनी आपण चुकीचे बटण दाबल्याचे कळवले. त्यांची नोंद दुरुस्त झाली, निकाल नाही.

पक्षादेश आणि दुसरे सभागृह

आपले मत आपल्याच मनाने देण्याची मोकळीक सगळीकडे सारखी नाही. भारतात राज्यघटनेला १९८५ मध्ये जोडलेल्या दहाव्या अनुसूचीनुसार पक्षादेश मोडून मत देणाऱ्याचे सदस्यत्व जाऊ शकते, आणि त्या तरतुदीत विश्वासदर्शक ठराव आणि ‘तीस’चे ‘साठ’ करणारी दुरुस्ती यांत भेद नाही. त्यामुळे मंत्र्यांनी मान्य न केलेली दुरुस्ती लोकसभेत मंजूर होणे जवळपास अशक्य ठरते. विरोधी सदस्य ती मांडतात, भाषण करतात आणि मंत्र्यांनी आश्वासन दिले की पुष्कळदा मागे घेतात. माझ्या मते या माघारीतून साधणारे काम मतदानातून साधणाऱ्या कामापेक्षा जास्त असते. सरकारचे बहुमत नसलेल्या दुसऱ्या सभागृहात चित्र पालटते, पण धन विधेयकावर, म्हणजे फक्त कर, सरकारी खर्च अशा विषयांच्या विधेयकावर, राज्यसभेला फक्त शिफारशी करता येतात. १६ मार्च २०१६ रोजी आधार विधेयकावर तिने पाच दुरुस्त्या सुचवल्या. लोकसभेने त्या त्याच दिवशी फेटाळल्या.

सारे खंड आणि अनुसूची संपल्या की लोकसभेत खंड १, अधिनियमन सूत्र (संसद हा कायदा करत आहे असे सांगणारे सुरुवातीचे वाक्य) आणि विधेयकाचे पूर्ण नाव मताला येते. हे मुद्दाम शेवटी ठेवलेले असते, कारण आधीच्या दुरुस्त्यांमुळे नावच चुकीचे ठरलेले असू शकते. विधेयक रेंगाळून नवे वर्ष उजाडले असेल, तर मंत्री उठून आणखी एक दुरुस्ती मांडतात : खंड १ मधल्या सालाचा आकडा बदलावा. तिला कोणी विरोध करत नाही, पण तिच्यावरही ‘होय’ म्हणवून घ्यावेच लागते.